मूल्यंही मेंदूत काम करतात

भाऊ, तुम्ही म्हणालात की मन म्हणजे मेंदूतली रसायनं, आणि मूल्यांशी विज्ञानाला देणंघेणं नाही. पहिलं अर्धं मान्य, दुसरं नाही.

अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांना 1981 चं नोबेल मेंदूच्या दोन अर्धगोलांवरच्या कामासाठी मिळालं. तीव्र अपस्मारामुळे (फिट्स येण्याचा आजार) ज्यांच्या दोन्ही अर्धगोलांना जोडणारा पूल कापला होता, अशा रुग्णांना ते दृष्टीच्या डाव्या बाजूला वस्तूचं चित्र दाखवत. रुग्ण म्हणे, काही दिसलं नाही; पण त्याचा डावा हात तीच वस्तू चाचपडून बरोबर उचले! इतकं मेंदूच्या आत शिरलेला हा माणूस पुढे ठामपणे सांगत राहिला की मन मेंदूतूनच उगवतं, पण उगवल्यावर पेशींच्या कामाला दिशाही देतं. म्हणजे मूल्यं ही खरी कारणं आहेत.

मला हे यावलच्या शेतात पटलं. मे महिना, विहिरीनं तळ गाठलेला, रात्रीची लाईट. शेजाऱ्याची मोटार जळाली, तर आप्पांनी आमच्या केळीचं अर्धं पाणी त्याच्या बागेला वळवलं. "त्याची बाग वाळताना पाहून मला झोप येईल का?" एवढंच बोलले. त्या रात्री त्यांचा हात हलला तो पेशींमुळेच, पण कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा हे शेजारधर्मानं ठरवलं.

विज्ञान आपल्याला मूल्यंही देईल, ही स्पेरींची आशा मात्र मला पटत नाही. पाणी कुणाला द्यावं, हे मेंदूचा स्कॅन सांगणार नाही.