मदत हवी आहे: कालव्याकाठच्या कच्च्या वाटेवर २८ मिमीचे टायर चालतील का?

रावपुरेकर
नमस्कार. प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ मिळावे अशी अपेक्षा आहे. मला कालव्याच्या काठाने जाणाऱ्या कच्च्या वाटेवरून सलग सहा दिवस सायकल चालवायची आहे. वाटेवर मोटारींना बंदी आहे, एका हाताला कालवा आणि दुसऱ्या हाताला नदी आहे, आणि चढ जवळजवळ नाहीत. माझ्या हायब्रिड सायकलला २८ मिमीचे टायर आहेत आणि ते मी गेल्याच महिन्यात नवे घातले आहेत. ते चालतील की बदलावे लागतील? आमचा दुकानदार "चालतंय की काका" म्हणतो, पण त्याने ती वाट पाहिलेली नाही. मी २६ सप्टेंबरला निघत आहे, तेव्हा रविवारपर्यंत उत्तर हवे. सायकल चालवण्याचे फायदे मला ठाऊक आहेत, ते कृपया कोणी लिहू नयेत.

सिंधरोटवाला
नावावरून आपण बडोद्याचेच दिसता, म्हणून अगत्याने लिहितो. नर्मदेच्या मुख्य कालव्याची लांबी राजस्थानच्या सीमेपर्यंत ४५८ किलोमीटर आहे आणि त्याच्या काठाने देखभालीचा रस्ता आहे, हे खरे. परंतु तो रस्ता सहलीसाठी बांधलेला नाही आणि जागोजागी अडवलेला असतो. शिवाय कालव्याच्या दोन्ही उतारांना गुळगुळीत काँक्रीटचे अस्तर आहे, त्यामुळे आत पडलेल्या माणसाला पोहता येत असले तरी वर चढता येत नाही. मुखाशी ४०,००० क्युसेक पाणी वाहू शकेल अशी त्याची क्षमता आहे, हे ध्यानात घ्या. त्यापेक्षा पहाटे सिंधरोटला महीच्या काठी जाऊन यावे, गाठिया खावा आणि ऊन चढायच्या आत घरी परतावे. मी गेली नऊ वर्षे हेच करत आहे.

आठगियर
सामान किती आहे? आपले वजन किती? मडगार्ड आहेत का? सायकलचे नाव आणि वर्ष कोणते? एकटे जाणार की सोबत कोणी आहे? मुक्काम तंबूत की खोलीत? एवढे कळल्याशिवाय टायरबद्दल काहीही सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

पर्वतीकर
कालव्याकाठची वाट म्हटली की आम्हां पुणेकरांना खडकवासल्याचा मुठा उजवा कालवाच आठवतो. आपल्याला खरोखरच ऐतिहासिक कालवा पाहायचा असेल तर मात्र रुडकीला जावे. गंगेचा कालवा १८५४ साली सुरू झाला आणि सोलानी नदीवरून तो ज्या जलसेतूने नेला आहे तो आजही पाहण्यासारखा आहे. २८ मिमीबद्दल मला कल्पना नाही.

सिंधरोटवाला
एक राहिलेच. नदी म्हणजे आपल्या मनात विश्वामित्री असेल, तर मगरींचा विचार करून ठेवा. आणि नर्मदेच्या बडोदा शाखा कालव्यावर २०१५ पासून १० मेगावॅटचे सौर पटल बसवलेले आहेत, ते पाहायला एकदा अवश्य जा.

रावपुरेकर
मी नर्मदा, मही, मुठा, गंगा किंवा विश्वामित्री यांपैकी एकाही नदीचे नाव घेतलेले नाही. सहा दिवसांची सलग वाट, मोटारींना बंदी, एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला नदी, एवढे लिहिल्यावर सायकलवाल्यांना उलगडा होईल असे मला वाटले होते. मी अमेरिकेतील चेसापीक अँड ओहायो कालव्याबद्दल विचारत आहे. मुलगी व्हर्जिनियात राहते. जावई मला कंबरलंडला मोटारीने सोडतील आणि तेथून मी एकटा पोटोमॅक नदीच्या काठाने वॉशिंग्टनपर्यंत येईन. सायकल येथूनच खोक्यात भरून नेणार आहे. आता तरी टायरचे सांगा.

सिंधरोटवाला
पहिल्याच ओळीत अमेरिका लिहिले असते तर माझी बोटे वाचली असती. तथापि शुभेच्छा.

चाकोरीबाहेर
२८ मिमी निर्धास्त चालतात. मी दोन वर्षांपूर्वी २८ मिमीवरच गेलो होतो आणि एकदाही पंक्चर झाले नाही. लोक उगीच घाबरवतात आणि जाड टायर विकतात. उलट मी तर म्हणेन की अर्धवट कशाला करता, पिट्सबर्गपासूनच सुरुवात करा. तेथून कंबरलंडपर्यंत ग्रेट अलेगनी पॅसेज ही आणखी १५० मैलांची वाट आहे.

पोटोमॅककाठी
मी मूळचा ग्वाल्हेरचा असून गेली चौदा वर्षे मेरीलँडमध्ये राहतो. कालव्याची वाट मी तीनदा पूर्ण केली आहे आणि तिचा खालचा टप्पा घराजवळच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ही वाट सपाट का आहे हे समजले की टायरचा प्रश्न निम्मा सुटतो. ही मुळात खेचरांची वाट आहे. कालव्याचे काम १८२८ साली सुरू झाले, १८५० साली तो कंबरलंडला पोहोचला आणि १९२४ च्या पुरानंतर कायमचा बंद पडला. तोवर कोळशाने भरलेल्या नावा खेचरे काठावरून दोराने ओढत असत. पाण्याला चढ चढता येत नाही, म्हणून नाव दरवाजांच्या हौदात घ्यायची, हौद भरायचा आणि ती पायरीभर वर उचलायची, अशी योजना होती. असे ७४ हौद मिळून अवघी ६०५ फुटांची उंची गाठतात, म्हणजे एका हौदाला साधारण आठ फूट येतात. आपण वरून खाली येणार असल्यामुळे प्रत्येक हौदाशेजारी एक लहानसा उतार तेवढा लागेल आणि बाकी १८४.५ मैल, म्हणजे २९७ किलोमीटर, पायडल मारतच राहावे लागेल. उतारावर आयते घसरत जाण्याचे सुख येथे नाही.

परंतु खेचराच्या खुराला जी जमीन मानवते ती २८ मिमीच्या टायरला मानवेलच असे नाही. अलीकडे बऱ्याच टप्प्यांवर बारीक खडी टाकून वाट सुधारलेली आहे. तरीही वरच्या भागात दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत, आडवी गेलेली झाडांची मुळे आणि पावसानंतरची डबकी हा प्रकार आहेच. तेथला चिखल आपल्या काळ्या मातीइतका चिकट नसतो, पण त्यात पाने आणि काड्या मिसळलेल्या असतात आणि हा लगदा मडगार्डच्या आत दाबून बसतो. दुसऱ्या खेपेला माझ्या सायकलला ३२ मिमीचे टायर होते आणि पॉ पॉ बोगद्याच्या अलीकडे मागचे चाक फिरेनासे झाले. सायकल उलटी करून, हातभर लांबीच्या काटकीने मडगार्डमधील लगदा उकरत मी अर्धा तास बसलो होतो आणि काटकी दोनदा मोडली. तेव्हापासून ४० मिमीशिवाय मी त्या वाटेला जात नाही.

श्री. चाकोरीबाहेर, आपण नेमके कोठून कोठपर्यंत गेला होता?

चाकोरीबाहेर
पिट्सबर्ग ते कंबरलंड. पुढे वेळ नव्हता. परंतु दोन्ही वाटा एकाच प्रकारच्या आहेत.

पोटोमॅककाठी
नाहीत, आणि सगळा घोळ येथेच होतो. ग्रेट अलेगनी पॅसेज हा जुन्या रेल्वेमार्गावर बांधलेला आहे आणि त्यावर चुनखडीचा बारीक चुरा घट्ट दाबून बसवलेला आहे. कोरड्या दिवसांत तेथे २८ मिमी चालतात हे मलाही मान्य आहे. कंबरलंडला ती वाट संपून कालव्याची सुरू होते तेव्हा चाकाखालची जमीन बदललेली लगेच जाणवते. आपला अनुभव खरा आहे, पण तो दुसऱ्या वाटेचा आहे.

चाकोरीबाहेर
ठीक आहे, कंबरलंडच्या पुढचे मी मागे घेतो. पण पंक्चर न होण्याचे श्रेय मी ट्यूबलेसला देतो आणि त्याबाबत माघार घेणार नाही. रावपुरेकरांनी ट्यूबलेस करून घ्यावे.

आठगियर
ज्या माणसाने आयुष्यभर ट्यूब वापरली आहे त्याला निघायच्या दहा दिवस आधी ट्यूबलेस करायला सांगणे मला पटत नाही. टायर एकदा रिमवरून सुटला तर साध्या हातपंपाने तो परत बसत नाही. मी स्वतः भरुचच्या अलीकडे महामार्गाच्या कडेला ट्यूबलेस टायरमध्ये भरतात त्या पांढऱ्या द्रवाने माखलेले हात घेऊन एका ट्रकवाल्याच्या कंप्रेसरची वाट पाहत उभा होतो. त्या कालव्यावर तर ट्रकही येणार नाही. दोन जादा ट्यूब आणि ठिगळांची डबी पुरेशी आहे.

आता मूळ मुद्दा. धागाकर्त्यांनी माझ्या एकाही प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही, तरी एक गोष्ट ते आज घरी बसून मोजू शकतात. ॲलन कीचा, म्हणजे बोल्ट फिरवायच्या षट्कोनी चाव्यांचा, संच घ्या. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये जेथे सर्वांत कमी फट आहे, म्हणजे बहुधा मागच्या चाकाजवळ पायडलच्या अंगाला, तेथे एकेक की सरकवून पाहा आणि कोणत्या मापाची की न घासता जाते ते दोन्ही बाजूंना बघा. त्यावरून आपल्या फ्रेममध्ये किती जाड टायर मावेल ते कळेल.

रावपुरेकर
उत्तरे देतो. वय ६३, वजन ७४ किलो, सामान दोन पिशव्यांत मिळून नऊ किलो, मडगार्ड आहेत. मुक्काम शक्यतो खोलीत, कारण तंबूत झोपायचे म्हटल्यावर सौभाग्यवतींनी परवानगीच मागे घेतली.

की सरकवून पाहिली. ५ मिमीची जाते, ६ मिमीची उजव्या बाजूला अडकते. मडगार्डच्या आत तर ४ मिमीचीही जेमतेम जाते. आमच्या दुकानदाराने चालतंय म्हणताना हे मोजले नव्हते.

आठगियर
मग हिशेब सोपा आहे. २८ आणि दोन्ही बाजूंचे पाच-पाच मिळून ३८ मिमीची जागा झाली. ३२ मिमीचा टायर घातला तर प्रत्येक बाजूला ३ मिमी उरतील, म्हणजे मडगार्ड काढावेच लागतील आणि एवढ्या फटीत एखादा खडा अडकला तरी फ्रेमला चर पडेल. ३५ मिमीचा तर विचारही नको. ही सायकल वाईट नाही, पण ती या वाटेची नाही.

पोटोमॅककाठी
मी हेच सांगणार होतो. सायकल खोक्यात भरून, बडोद्याहून मुंबईला रेल्वेने नेऊन, विमानात जादा सामानाचे पैसे भरून शेवटी चुकीचे टायर येथे आणण्यापेक्षा ३८ ते ४० मिमीची सायकल येथेच भाड्याने घ्यावी. या वाटेच्या दोन्ही टोकांना तशी दुकाने आहेत आणि काही दुकाने एका टोकाला घेतलेली सायकल दुसऱ्या टोकाला परत घेतात. ऑक्टोबरमध्ये पानांचा रंग पाहायला गर्दी होते, तेव्हा आजच नोंदवा. आपले खोगीर आणि पायडल मात्र बडोद्याहून आणा. सहा दिवस परक्या खोगिरावर बसण्याचे वय आपले नाही आणि माझेही नाही.

सहा दिवसांबद्दलही थोडे सांगतो. वाटेत दर मैलाला खांब आहे आणि आकडे वॉशिंग्टनपासून वाढत जातात, म्हणजे आपण १८४ वरून शून्याकडे याल. पहिला मुक्काम बोगद्याच्या अलीकडे, १५६व्या मैलाजवळ पॉ पॉ गावात करता येईल. खोल्या कमी आहेत, म्हणून आधी विचारून ठेवा. बोगदा ३,११८ फूट लांब आहे, आत दिवा नाही, आणि तेथे सायकलवरून उतरून चालावे लागते. पुढे दिव्याचा प्रकाश हवा आणि हात कठड्याला हवा. त्यानंतर हॅनकॉक १२४ वर, विल्यम्सपोर्ट १०० च्या आसपास, शेफर्ड्सटाउन पुलापलीकडे ७३ जवळ आणि ब्रन्सविक ५५ वर. पाऊस झालाच तर लिटल ऑर्लिन्सपासून हॅनकॉकवरून बिग पूलपर्यंत कालव्याला समांतर एक डांबरी सायकलवाट आहे, तिच्यावर चढा आणि चिखलाला मागे सोडा. हार्पर्स फेरी गाव पाहायचे असेल तर नदीवरच्या पुलाकडे गोल जिना चढून जावे लागते, तेव्हा सामान उतरवून ठेवा.

शेवटचे ५५ मैल एका दिवसात आपण काढू नयेत असे मला वाटते. ऑक्टोबरच्या आरंभी सूर्य पावणेसातला मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते. सातवा दिवस धरा.

अवांतर: मोटारींना बंदी आहे याचे श्रेय विल्यम डग्लस या न्यायमूर्तींना आहे. बंद पडलेल्या कालव्यावरून मोटाररस्ता काढण्याचा बेत होता. त्याला विरोध म्हणून १९५४ साली ते वर्तमानपत्राच्या संपादकांना घेऊन कंबरलंडपासून ही सबंध वाट पायी चालले. १९७१ साली तिचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले.

पर्वतीकर
न्यायमूर्ती संपादकांना पायी चालवतात, हे वाचून बरे वाटले.

आठगियर
तीन-तीन पानांची एक वेल त्या भागात असते, पॉयझन आयव्ही म्हणतात. तिला हात लागला तर अंगावर फोड येतात. वाटेच्या कडेला जाताना पायांकडे लक्ष असू द्या.

रावपुरेकर
सर्वांचे आभार. सायकल नेत नाही. कंबरलंडच्या एका दुकानात ४० मिमीची नोंदवली आणि ती वॉशिंग्टनला परत करायची असे ठरले. सातवा दिवसही मुलीला कळवला आहे. तिची आई म्हणते की सात दिवसांचे थेपले टिकणार नाहीत, चारच दिवसांचे देईन.

आता एकच प्रश्न उरला. माझे खोगीर त्यांच्या दांड्याला बसेल का? रविवारपर्यंत उत्तर मिळाल्यास बरे होईल.

आठगियर
खोगिराखाली दोन गोल सळया आहेत का? त्यांची जाडी मोजा. ७ मिमी असेल तर बहुतेक सगळ्या दांड्यांना बसते. पायडलचे आटे मात्र डाव्या बाजूचे उलटे असतात, ते घाईत चुकीचे फिरवू नका.

सिंधरोटवाला
खोगीर काढलेली सायकल बडोद्यातच राहणार असेल, तर तिचे ते नवे २८ मिमीचे टायर मी वापरून बघू का? सिंधरोटच्या रस्त्याला अगदी योग्य आहेत.