मदत हवी आहे: १५ किमीनंतर पायांत जीवच राहत नाही

मुक्काम_पोस्ट (धागाकर्ता)
सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळायची आहे. सरावाला यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याने थोडं पुढे जातो आणि त्याच वाटेने परत. चढ झकास होतो. उताराला लागलो की १५ किमीच्या आसपास पाय एकदम संपतात. गोळे येत नाहीत, दुखत नाही, पण ताकदच लागत नाही, चालावं लागतं. पाणी भरपूर पितो. सगळीकडे लिहिलंय, याला कारण स्नायूंत साठणारं लॅक्टिक ॲसिड. ते कमी करायला काय घ्यायचं? जरा लवकर सांगा. आणि 'डॉक्टरांना दाखवा' नको, प्लीज.

धाव_बाई_धाव
वय, वजन? चढावर बोलता येतं का? निघताना काय खाता?

मुक्काम_पोस्ट
४१, ७२ किलो. चढावर कोण बोलतं हो? पळायला जातो, गप्पा मारायला नाही. लॅक्टिक ॲसिडचं सांगा.

जुना_पीटी_मास्तर
आमच्या वेळी ही पळताना चोखायची एनर्जी जेल-बिल थेरं नव्हती. गूळ-शेंगदाणे खाऊन मुलं तालुक्याला पहिली यायची. रोज शंभर बैठका मारा, पाय लोखंड होतील.

पेशी_आणि_मी
लॅक्टिक ॲसिड डोक्यातून काढा. जोर वाढला की स्नायू ग्लुकोज झपाट्याने फोडतात, त्यात लॅक्टेट, म्हणजे तुमचं ते 'लॅक्टिक ॲसिड', तयार होतं. ते कचरा नाही. हृदय ते इंधन म्हणून वापरतं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. थांबल्यावर तासाभरात रक्तातली पातळी पूर्ववत होते. ते कमी करायला काही 'घ्यायचं' नसतं.
तुम्ही धाव_बाई_धाव यांच्या तिसऱ्या प्रश्नाला बगल दिलीत. काय खाऊन निघता?

मुक्काम_पोस्ट
काही नाही. १६ तासांचा उपास असतो, रात्री साडेसातनंतर बंद. भात-पोळी पण महिनाभर सोडलीय. वजन छान उतरलं. पण त्याचा इथे काय संबंध? चढ तर होतो ना!

धाव_बाई_धाव
घ्या! हे आत्ता सांगताय?

तूप_हेच_अमृत
उपासाला दोष देऊ नका. एक किलो चरबीत सात हजारांच्या वर कॅलरी असतात. सडपातळ माणूसही आठ-दहा किलो चरबी घेऊन फिरतो. त्यावर मुंबई ते सातारा पळून होईल. शरीराला चरबी जाळायची सवय लागायला वेळ द्या. मी दोन वेळा जेवतो, सकाळी उपाशी पोटी सायकल मारतो, एकदम मस्त.

पेशी_आणि_मी
तूपदादा, साठा आहे हे खरं, पण प्रश्न वेगाचा आहे. चरबी म्हणजे चुलीतला ओंडका, जाळ भर्रकन हवा असेल तर काटक्याच लागतात. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये चरबीपेक्षा कर्बोदकांतून थोडी जास्त ऊर्जा मिळते, आणि मिळते लवकर. बोलता येणार नाही इतक्या जोरात चढलात की शरीर मुख्यतः कर्बोदकंच वापरतं. तुमची सायकल सपाट रस्त्यावर, गप्पा मारत चालते का?

तूप_हेच_अमृत
माझ्या सायकलवर येऊ नका.

पेशी_आणि_मी
धागाकर्ते, हिशोब बघा. पळायला ढोबळमानाने किलोमागे, किलोमीटरमागे एक कॅलरी लागते. तुमच्या ७२ किलोला १५ किमीत हजाराच्या वर, चढाचं वेगळं. पोटभर भात-पोळी खाणाऱ्याच्या स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेलं ग्लुकोज) असतं, यकृतात शंभरेक ग्रॅम. म्हणजे एरवी हाफ मॅरेथॉन निभते. पण महिनाभर कर्बोदकं तोडली आणि तरी जोरात पळत राहिलात, तर स्नायूंतला साठा बराच कमी असणार. यकृतातला रात्रभराच्या उपासात उतरतो. शिवाय स्नायूंतलं ग्लायकोजेन त्या त्या स्नायूतच वापरलं जातं. दंडात शिल्लक असलं तरी मांडीला उसनं मिळत नाही.

मुक्काम_पोस्ट
मग पहिले पाचशे मीटर तर विमानासारखा जातो, ते कसं?

पेशी_आणि_मी
पहिले काही सेकंद एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेटवर, म्हणजे स्नायूंत तयार असलेल्या झटपट इंधनावर जातात. पुढे मिनिटभर ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय फोडण्याचा वाटा मोठा. मग फुप्फुसं-हृदय तालात येतात आणि बाकी सगळं ऑक्सिजनवर. सुरुवातीच्या जोमावरून १५ व्या किलोमीटरचा अंदाज बांधता येत नाही.

उतरंड
सगळे पोटाच्या मागे लागलेत. ते उतारावर संपतात हे कुणी वाचलं का? उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार धरतो. ऊर्जा कमी लागते, पण तंतूंना मार बसतो. माझं अगदी हेच व्हायचं, उतारावरचा सराव हळूहळू वाढवला तेव्हा थांबलं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात का?

मुक्काम_पोस्ट
हो, रेलिंग धरून उतरतो. पण ते तर सगळ्यांनाच होतं ना? सुरुवातीला 'दुखत नाही' लिहिलं ते पळतानाचं.

धाव_बाई_धाव
म्हणजे दोन्ही आहे. शुगरच्या गोळ्या वगैरे चालू नाहीत ना? घाम सुटून हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते?

मुक्काम_पोस्ट
गोळ्या नाहीत, अंधारी नाही. आता घ्यायचं काय ते सांगा!

धाव_बाई_धाव
आदल्या दिवशी भात-पोळी. निघायच्या तासभर आधी दोन केळी किंवा गूळ-पोळी. पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, जेल, खजूर, काहीही. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम धरा. आधी सरावात खाऊन बघा, शर्यतीच्या दिवशी नवीन काही पोटात घालू नका. नुसतं पाणी ढोसत राहू नका, मीठही जातं घामातून. आणि चढावर एक अख्खं वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा. लोक पुढे जातील, जाऊ दे.

मुक्काम_पोस्ट
पण मग वजन परत वाढलं तर?

तूप_हेच_अमृत
हेच म्हणत होतो.

उतरंड
शर्यत की वजन, सप्टेंबरपर्यंत एक काहीतरी ठरवा. आणि उताराचा सराव विसरू नका, केळी खाऊन मांड्या तयार होत नाहीत.

जुना_पीटी_मास्तर
बैठका.

गोड_खाऊ
अवांतर: मॅरेथॉनच्या आदल्या रात्री साताऱ्यात राहायची स्वस्त सोय कुठे होईल? चौघं आहोत. आणि कंदी पेढे पळताना चालतील का? जेलपेक्षा परवडतात.

पेशी_आणि_मी
पेढ्यात खव्याचं तूप, पळताना पोटात जड बसेल. पळून झाल्यावर खा.