स्कॉटलंडमधला जास्तीचा टॅक्स नेमका जातो कुठे?

क्लाईडकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही दीड वर्षापूर्वी रेडिंगहून ग्लासगोला शिफ्ट झालो. घर मोठं मिळालं, मुलांची शाळा चालत पाच मिनिटांवर, शेजार चांगला. पण पगार तोच, ५० हजार, आणि हातात मात्र कमी येतात. २०२५-२६ चा हिशेब मांडून बसलो तर इंग्लंडात ७,४८६ पौंड इन्कम टॅक्स बसला असता, इथे ९,०१४ जातोय, म्हणजे वर्षाला दीड हजार जास्त. ४३,६६२ च्या वर गेलं की इथे एकदम ४२ टक्के लागतात आणि नॅशनल इन्शुरन्सचे (पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता) ८ टक्के ५०,२७० पर्यंत चालूच, म्हणजे त्या पट्ट्यात पौंडातला अर्धा गेलाच.

टॅक्स द्यायला माझी ना नाही, खरंच नाही. पण आमच्या समोर एक आजी राहतात, ८४ वर्षांच्या, एकट्याच. त्या पडल्या, ॲम्ब्युलन्सने नेलं, खुब्याचं ऑपरेशनही लगेच झालं आणि नीट झालं. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले तुम्ही घरी जाऊ शकता. आज सहावा आठवडा लागला, त्या अजून तिथेच आहेत. त्यांच्या घराची किल्ली माझ्या बायकोकडे आहे, ती रोज संध्याकाळी जाऊन कुंड्यांना पाणी घालते. मग प्रश्न पडतो की एवढा टॅक्स घेऊन, इथलं स्वतःचं पार्लमेंट असून, अडतंय कुठे? पैसे कमी पडतात की कारभार चुकतोय? कोणी नीट समजावून सांगेल का.

जमाखर्च

तुमचा आकडा बरोबर आहे. पण तुमचे ते दीड हजार जसेच्या तसे एडिनबराच्या तिजोरीत पडत नाहीत, इथेच बऱ्याच लोकांची गल्लत होते.

इथल्या सरकारचा बराच मोठा पैसा अजूनही लंडनहून येतो, त्याला ब्लॉक ग्रँट म्हणतात. ती दरवर्षी किती वाढवायची हे बार्नेट फॉर्म्युल्यावर ठरतं. जोएल बार्नेट हे १९७० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश अर्थखात्यात मंत्री होते, तेव्हा तात्पुरती म्हणून काढलेली ही रीत आजपर्यंत चालू आहे. साधं गणित असं की लंडनने इंग्लंडच्या आरोग्यावर १०० पौंड वाढवले तर लोकसंख्येच्या हिशेबाने इथे साधारण ९-१० पौंड येतात. ते आरोग्यावरच घाला अशी सक्ती नाही. इंग्लंडात कपात झाली की इथे आपोआप कात्री लागते, इथल्या मतदाराने काहीही निवडलेलं असो.

आता टॅक्स. २०१६ च्या कायद्याने पगारावरच्या इन्कम टॅक्सचे दर आणि पट्टे ठरवायचा अधिकार इथे आला, २०१७ पासून तो पूर्ण वापरता येतो. पण त्या बदल्यात लंडन ग्रँटमधून एक रक्कम कापून घेतं, आणि ती रक्कम उरलेल्या यूकेत माणशी टॅक्स किती वाढला त्यावर वाढत जाते. तिकडे लंडनमध्ये बँकवाल्यांचे पगार आणि बोनस वाढले की इथली कपात वाढली. त्यामुळे इथे दर वाढवून जे जमतं त्यातला बराच भाग हा खड्डा बुजवण्यातच जातो. शिवाय रोजच्या खर्चाला हे सरकार कर्ज काढू शकत नाही, टॅक्सचे अंदाज चुकले तर तेवढ्यापुरतं, मर्यादेत काढता येतं. वर्षाअखेरीला बजेट जुळवायचंच असतं.

उरलेलं तुम्हाला दिसतं ते असं: २०११ पासून प्रिस्क्रिप्शन फुकट (इंग्लंडात एका औषधाला ९.९० पौंड), २२ च्या खालच्या मुलांना बस फुकट, इथल्या मुलांना इथल्या युनिव्हर्सिटीत फी नाही (इंग्लंडात २०२५-२६ मध्ये वर्षाला ९,५३५ पौंड), २००२ पासून म्हाताऱ्या माणसांची अंघोळ-कपडे-जेवण ही पर्सनल केअर फुकट. तुमची मुलं पुढे इथेच शिकली तर आजचे दीड हजार वसूल होतील. आणि २०२५-२६ च्या दराने ३० हजारवाल्याला इथे इंग्लंडइतकाच टॅक्स बसतो, दोन-तीन पौंड कमीच, हेही सांगायला हवं.

रात्रपाळी_सिस्टर

जमाखर्च यांनी पैसा येतो कसा ते छान सांगितलं, मी तो अडतो कुठे ते सांगते कारण मी रोज तेच बघते. म्हाताऱ्या पेशंट्सच्या वॉर्डात नर्स आहे, ११ वर्षं झाली, आधी पुण्यात होते.

माझ्या वॉर्डात आत्ता एक आजोबा आहेत, जन्मभर गोदीत वेल्डिंग केलेले, हात अजून पंजासारखे मोठे. मेडिकली फिट होऊन महिना होत आला. त्यांना कोणीतरी एकदा बोलून गेलं की बहुतेक गुरुवारी जाल, तेव्हापासून रोज सकाळी सहाला उठून ते शर्ट, कार्डिगन, बूट घालतात, बॅग खुर्चीखाली सरकवतात आणि बसून राहतात, दुपारी जेवणाचा ट्रे येतो तेव्हा विचारतात, सिस्टर आज गुरुवार का. मला दर वेळी नाही म्हणावं लागतं आणि दर वेळी जीव तुटतो.

ते आले तेव्हा वॉकर धरून टॉयलेटला जायचे. घरी दिवसातून चार वेळा एक केअरर आली असती तर पुरलं असतं. केअरर मिळाली नाही म्हणून थांबले, या वयात नुसतं बसून-पडून राहिलं की मांडीचे स्नायू आठवड्याभरात वितळतात, मग छातीत इन्फेक्शन झालं, आता उठवायला दोन माणसं लागतात. म्हणजे केअर पॅकेज परत नव्याने ठरवायचं, आता डबल-अप, म्हणजे एका वेळी दोन केअरर, जिथे एक मिळत नव्हती तिथे दोन शोधायच्या, आणि यादीत परत मागे. या माणसाला आम्हीच हॉस्पिटलात ठेवून जास्त आजारी केलंय हो, आणि यात कोणा एकाची चूक दाखवता येत नाही.

अख्ख्या स्कॉटलंडात असे अडकलेले पेशंट गेल्या एक-दोन वर्षांत रोज सरासरी १,८०० ते २,००० खाटांवर असतात. म्हणजे तीन-चार मोठी हॉस्पिटलं भरतील. त्यामुळे खाली कॅज्युअल्टीत लोक ट्रॉलीवर तासन् तास थांबतात आणि टीव्हीवर बातमी कॅज्युअल्टीची लागते.

कारण असं की हॉस्पिटलचा पैसा हेल्थ बोर्डाकडे, घरच्या केअरचा कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे. एक खिसा इथला, एक तिथला. हे जोडायला २०१४ चा कायदा झाला, २०१६ पासून जॉइंट बोर्ड आले, त्यात हॉस्पिटलच्या बजेटचा एक वाटा 'सेट-असाइड' म्हणून या जॉइंट बोर्डाच्या ताब्यात यायचा होता, म्हणजे खाटा कमी लागल्या की तो पैसा केअररवर वळवता येईल. कागदावर आला, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी हॉस्पिटलकडेच राहिला, कारण हॉस्पिटलला खाट बंद करता येत नाही, त्या खाटेवर पेशंट आहे ना. आणि तो पेशंट तिथे आहे कारण केअरर नाही. हे चक्र तोडायला एक-दोन वर्षं दोन्हीकडे पैसे घालावे लागतील, एकाच वेळी, आणि तेवढी सलग रक्कम कुठल्याच सरकारने काढून ठेवलेली मी पाहिली नाही.

नवा_पत्ता

५५ लाखांच्या देशाला १४ हेल्थ बोर्ड आणि ३२ कौन्सिलं कशाला लागतात? सगळं एकत्र करा, साहेब लोक कमी होतील, पैसे वाचतील.

जमाखर्च

एकत्र केलं की आपोआप वाचतात असं नाही. पोलीस बघा. २०१३ मध्ये ८ पोलीस दलं मिळून एक पोलीस स्कॉटलंड झालं, फायर ब्रिगेडचंही तसंच. पण स्थानिक दलांना व्हॅट परत मिळायचा, राष्ट्रीय झाल्यावर तो बंद झाला. होणार हे आधीच माहीत होतं तरी केलं. पाच वर्षं भरत राहिले, १०० मिलियन पौंडांहून जास्त गेले, २०१८ मध्ये लंडनने नियम बदलला तेव्हा थांबलं. मी एकत्र करण्याच्या विरोधात नाही, पण आधी हिशेब लागतो.

आणि केअरचं तर करून बघितलं. नॅशनल केअर सर्व्हिसचं बिल २०२२ मध्ये आणलं, कौन्सिलं विरोधात गेली, युनियन विरोधात गेल्या, काही कोटी पौंड तयारीत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये मूळ कल्पनाच सोडून दिली.

फोर्थपलीकडे

मी फाइफला असतो, कौन्सिलच्या कामाशी रोजचा संबंध आहे म्हणून लिहितो. सिस्टरांचं मनापासून पटलं, पण 'कौन्सिलकडे केअरर नाही' एवढ्यावर थांबू नका, का नाहीत ते बघा.

कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, अजून १९९१ च्या घरकिमतींवर चालतो. १९९१! तेव्हा ज्या भागाला कोणी विचारत नव्हतं तिथे आज घरं चौपट झाली तरी टॅक्सचा गट (बँड) तोच. वर २००८ पासून सलग नऊ वर्षं तो गोठवला. २०२३ च्या जूनमध्ये सरकार आणि कौन्सिलांनी व्हेरिटी हाऊस करार केला, यापुढे एकमेकांना विचारून चालू, निधीला अटी कमी लावू. चार महिन्यांनी सत्ताधारी पक्षाच्या अधिवेशनात पुढच्या वर्षीचा टॅक्स परत गोठवल्याचं जाहीर केलं, कौन्सिलांना ते तेव्हाच कळलं. लोकांना बरं वाटतं, समजतो मी, माझंही बिल वाढलं नाही. पण त्याच पैशातून केअरर ठेवायच्या असतात.

आपल्याकडे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा शाळा, दवाखाने, रस्ते सगळं त्यांच्या अंगावर टाकलं आणि निधीची किल्ली मंत्रालयात राहिली. माझे वडील झेडपीचे शिक्षक होते, पगाराची ग्रँट आली नाही की उधारीवर किराणा यायचा. इथेही तेच दिसतं. लंडनहून अधिकार एडिनबराला आले आणि तिथेच थांबले.

आणि केअररचा पगार. २०२५-२६ मध्ये तासाला १२.६० पौंड होता. सुपरमार्केटात साधारण तेवढेच मिळत होते, वर छप्पर असतं, पावसात स्वतःची गाडी काढून पाच घरं फिरावं लागत नाही. त्यात लंडनने जुलै २०२५ पासून परदेशातून नवीन केअरर आणायचा व्हिसा बंद केला. केअर एडिनबराची, व्हिसा लंडनचा. इथल्या सरकारने कितीही ठरवलं तरी तो निर्णय त्यांच्या हातात नाही.

माझं मत विचाराल तर फुकट गोष्टी थोड्या आवरा. माझा मुलगा बसने फुकट फिरतो, मी महिन्याला ५० पौंड सहज देऊ शकतो. ते एखाद्या केअररला द्या.

रात्रपाळी_सिस्टर

फोर्थपलीकडे, बाकी सगळं मान्य, हे नाही. मी इंग्लंडातही दोन वर्षं काम केलंय. दम्याचा इन्हेलर परवडत नाही म्हणून दोन पफच्या जागी एक घेणारी माणसं मी ॲडमिट केलीत, तरुण, नोकरी करणारी. तो ९.९० वाचवायला जाऊन खाट अडते. २०११ मध्येच ख्रिस्टी कमिशनने सांगितलं होतं की सार्वजनिक सेवांवरच्या खर्चातला ४० टक्क्यांपर्यंत खर्च आधी लक्ष दिलं असतं तर टळला असता. फुकट प्रिस्क्रिप्शन हे आधी लक्ष देणंच आहे. बसबद्दल तुम्ही म्हणताय ते चालेल, पण शहरात. बेटांवर आणि हायलँडमध्ये कॉलेजला जायला तीच बस असते.

फोर्थपलीकडे

इन्हेलरचा मुद्दा मान्य. मी बसचाच विचार करत होतो.

क्लाईडकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मला दीड वर्षात कोणी सांगितलं नव्हतं. बायकोलाही वाचून दाखवलं. सिस्टर, तुम्ही स्नायूंचं जे लिहिलंत त्याने पोटात गोळा आला, कारण मागच्या रविवारी आजींना भेटलो तेव्हा त्या हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये पलंगावरच होत्या, दुपारचे तीन वाजले होते. पहिल्या आठवड्यात खुर्चीत असायच्या. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात. आम्ही शेजारी, नातेवाईक नाही, आम्हाला काही करता येतं का? कौन्सिलरला पत्र लिहिणारच आहे, पण आत्ता, या आठवड्यात?

रात्रपाळी_सिस्टर

येतं ना. घराची किल्ली आहे तुमच्याकडे. त्यांचे स्वतःचे कपडे घेऊन जा, पुढून बटणं असलेले, आणि मागून बंद असलेले बूट किंवा चपला, घसरणाऱ्या स्लिपर नकोत. चष्मा आणि कानाचं मशीन घरी राहिलंय का बघा, बरेचदा राहतं, मग माणूस गप्प होतो आणि सगळ्यांना वाटतं गोंधळलाय. आजींना विचारून वॉर्डातल्या नर्सला सांगा की आम्ही जेवणाच्या वेळी येऊ, खुर्चीत बसवून जेवू घालू. बहुतेक वॉर्ड हो म्हणतात, आम्हाला मदतच होते. फिजिओला विचारा की आम्ही सोबत असताना कॉरिडॉरमध्ये चालवू का, त्यांनी हो म्हटल्याशिवाय मात्र उठवू नका. आणि मुलाला सांगा की डिस्चार्जचं काम बघणाऱ्यांना त्याने स्वतः फोन करावा, आठवड्यातून दोनदा, वेळेचा फरक असला तरी.

क्लाईडकाठ

मुलाला आत्ताच मेसेज टाकला. कानाचं मशीन बेडरूमच्या खणातच सापडलं, बायकोने जाऊन बघितलं. सोबत बॅटऱ्या नाहीत, उद्या ऑफिसला जाताना घेतो आणि दुपारच्या जेवणाला आजींकडे पोचतो.