तळमजल्यात पाणी शिरलं: सर्व्हेअर येण्याआधी कॉन्ट्रॅक्टरला तोडफोड करू द्यावी का?

विठ्ठलवाडीकर

सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या बाजूला, तळमजल्यावरचा टू बीएचके. खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर पाणी साडेतीन फुटांपर्यंत चढलं आणि आठ-नऊ तास तसंच राहिलं. आता ओसरलंय, फरशीवर चार बोटं गाळ आहे. मॉड्युलर किचनचे खालचे कप्पे, दोन पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर पाण्यात होते. भिंतींना जिप्समचं फिनिश आहे, दोन खोल्यांत मात्र जुना सिमेंटचा गिलावा आहे.

गृहकर्ज घेताना बँकेने भारत गृह रक्षा, म्हणजे घराच्या विम्याची प्रमाणित पॉलिसी, दिली होती. इमारतीची विमा रक्कम ३० लाख आहे, घरातल्या सामानाबद्दल पहिल्या पानावर काही दिसत नाही. कंपनीला अजून कळवलेलं नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "उद्या तोडायला घेतो, सगळं मिळून साडेचार लाख, निम्मे आगाऊ द्या, कंपनी देतेच." त्याचं कोटेशन अर्ध्या पानाचं आहे. प्रश्न तीन: साफसफाई करू का, तोडू देऊ का, आणि कोटेशन कसं मागायचं?

दावेदफ्तर

आधी कंपनीला कळवा, आजच. फोन केलात तरी मागोमाग ईमेल टाका आणि क्लेम नंबर लिहून ठेवा. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा तपासनीस, नेमायचा असतो, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. पुराच्या धामधुमीत एकेका सर्व्हेअरकडे ढिगाने घरं असतात, त्यामुळे तारीख असलेला ईमेलच पुढे कामी येतो. क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा.

साफसफाई अवश्य करा. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीधारकाची जबाबदारीच आहे. गाळ वाळला की सिमेंटसारखा बसतो, म्हणून ओला असतानाच काढा. फक्त काढण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो घ्या. भिंतीवरची पाण्याची रेघ दिसली पाहिजे आणि रेघेला मोजपट्टी लावलेला एक फोटो हवाच. पाणी रंगावर ठेवून गेलेली ती रेघ म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा पुरावा, ती सर्व्हेअर येईपर्यंत पुसू नका. फ्रिज-मशीनच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर टिपा. भंगारवाला दारात उभा राहीलच, त्याला थांबवा. कुजणारी वस्तू, उदाहरणार्थ गादी, ठेवणं शक्य नसेल तर फोटो काढून "आरोग्याच्या कारणाने अमुक तारखेला टाकतो आहे" असा ईमेल करून मगच टाका, आणि कापडाचा एखादा तुकडा ठेवून द्या.

फॉर्मवर कारण लिहिताना "ओल" किंवा "लीकेज" हे शब्द टाळा. खरं काय झालं तेच लिहा: अतिवृष्टी, नदीची पातळी वाढली, बाहेरून पाणी घरात शिरलं, अमुक वेळ साचून राहिलं. हळूहळू झिरपणारी ओल आणि पूर या पॉलिसीच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचनामा झाला असेल तर प्रत जोडा. तो सरकारी मदतीसाठी असतो, विम्यासाठी पूरक पुरावा. तो नाही म्हणून दावा अडवता येत नाही.

सामानाचं: भारत गृह रक्षामध्ये इमारतीचा विमा असेल तर त्याच्या २०% इतकं सामान आपोआप धरलं जातं, कमाल १० लाखांपर्यंत. म्हणजे तुमच्याकडे ६ लाख. अपवाद एकच, घेताना ते नको असं लिहून दिलं असेल तर. पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे विमा रकमांचा तपशील, पूर्ण वाचा, पहिल्या पानावर थांबू नका. पूर्ण निकामी वस्तूची भरपाई नव्या तशाच वस्तूच्या किमतीने होते, जुनेपणाची घट लावत नाहीत. मात्र भंगाराची किंमत वजा होऊ शकते. या पॉलिसीत विमा रक्कम कमी घेतली म्हणून दावा प्रमाणात कापायची पद्धतही नाही. कोणी सर्व्हेअर तसं म्हणाला तर कलम दाखवा.

राडारोडा उचलायचा खर्च दाव्याच्या २% पर्यंत आणि दुरुस्तीसाठीच्या आर्किटेक्ट-इंजिनियरची फी ५% पर्यंत मिळते. ४ लाखांच्या दाव्यावर म्हणजे अनुक्रमे ८,००० आणि २०,०००. ही फी दुरुस्तीच्या कामाची आहे, दावा तयार करून देणाऱ्या एजंटची नव्हे.

आणखी एक, जे बहुतेकांना चेक निघाल्यावर कळतं: पॉलिसीत बँकेचं नाव असेल तर इमारतीचे पैसे थेट कर्जखात्यात जाऊ शकतात. शाखेत आत्ताच अर्ज द्या की रक्कम दुरुस्तीसाठी हवी आहे, ना हरकत पत्र द्या.

गिलावा_आणि_गुण्या

सर्व्हेअर येईपर्यंत तोडायचं नाही. त्यानंतरही सगळं नाही.

कॉन्ट्रॅक्टरला सगळा गिलावा छतापर्यंत उतरवायचा असतो, कारण काम वाढतं. सर्व्हेअर तेच कापतो. म्हणून भिंतीगणिक ठरवा. जिप्सम भिजलं की मऊ पडतं आणि पुन्हा पकड धरत नाही. ते पाण्याच्या रेघेच्या वर एक फूट, म्हणजे साडेचार फुटांपर्यंत काढावंच लागेल, कारण ओल रेघेच्या वरही चढते. सिमेंटचा गिलावा वेगळा. लाकडी मुठीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठेवा, बद्द आवाज आला तिथे खडूने चौकट मारा आणि फोटो घ्या. व्हिट्रीफाइड टाइल्सही तशाच तपासा. टाइलला पाण्याने काही होत नाही, खालचा माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, धुऊन गेला असेल तर पोकळ वाजते. फक्त वाजणाऱ्याच बदला.

कोटेशन "सगळं मिळून" असं घेऊ नका. बाब, जागा, माप, एकक, दर, रक्कम, अशा रकान्यांत घ्या. उदाहरणार्थ १२ बाय १० ची खोली. परिघ ४४ फूट, त्यातून तीन फुटांचा दरवाजा वजा, उरले ४१. गुणिले साडेचार फूट, म्हणजे सुमारे १८५ चौरस फूट. १२ मिमी जाडीचा १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलावा घातला तर सांधे भरण्याचा आणि वाया जाणारा माल धरून साधारण दोन गोणी सिमेंट आणि १० घनफूट क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) लागते. समोरच्याने पाच गोणी लिहिल्या असतील तर विचारा. सर्व्हेअर हाच हिशोब करतो, आणि दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी ताडून बघतो. तुमचं कोटेशन त्याच भाषेत असेल तर कापायला फार जागा उरत नाही. "एकरकमी" असेल तर तो स्वतःच्या अंदाजाने लिहितो, आणि तो अंदाज उदार नसतो.

रंगाच्या बाबतीत अडून बसा. गिलावा साडेचार फूट असला तरी रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, छतापर्यंत धरा. अर्ध्या भिंतीचा रंग जुळत नाही, हे सर्व्हेअरलाही माहीत असतं. फक्त आधी कोटेशनमध्ये असायला हवं.

आता वाळण्याचं. इथेच बहुतेक कामं वाया जातात. वीटकाम सुकायला ठोकताळ्याने इंचाला महिना लागतो, दोन्ही बाजू मोकळ्या असल्या तर लवकर. पुण्याच्या श्रावणातल्या दमट हवेत त्याहून उशीरच. ओल्या विटेवर पुट्टी-रंग मारला तर तीन महिन्यांत फुगे येतात, लोणा फुटतो. मग कॉन्ट्रॅक्टर म्हणतो भिंतीचा दोष, आणि कंपनी म्हणते ही नवी ओल. तपासायला दीड फूट चौरस प्लास्टिक भिंतीवर चारही कडांनी चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून घाम धरला तर थांबा. नवा गिलावा सात दिवस पाणी मारून, रंगाआधी किमान चार आठवडे. तोवर पंखे, खिडक्या उघड्या, शक्य असेल तर डीह्युमिडिफायर भाड्याने.

दारांना ओली असताना रंधा मारू देऊ नका. फुगलेलं दार अडतं म्हणून सुतार चटकन तासतो, आणि दिवाळीपर्यंत सुकून फट पडते. फ्लश डोअरचे थर सुटले असतील तर ते बदलायचंच. किचनचे कप्पे पार्टिकल बोर्डचे असतील तर फुगलेले परत बसत नाहीत. नव्याला बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला, घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण आधी साधं एमआर (फक्त दमटपणा सोसणारं) असेल तर फरक तुमच्या खिशातून. कोटेशनमध्ये तो वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर सर्व्हेअर अख्खी बाब संशयाने बघतो.

पैसे: निम्मे आगाऊ कधीच नाही. सुरुवातीला दहा टक्के, मग तोडून राडारोडा उचलल्यावर, गिलावा झाल्यावर, रंग झाल्यावर टप्प्याटप्प्याने. शेवटचे दहा टक्के रंगानंतर दोन महिन्यांनी. हे कागदावर, तारखेसह. राडारोडा कुठे टाकणार तेही लिहून घ्या. महापालिकेचं प्रक्रिया केंद्र वाघोलीला आहे. रात्रीच्या टेंपोने नदीपात्रात टाकला तर पुढच्या पावसाळ्याची सोय आपणच केली.

मेगरवाला

विजेचं कोणी बोललं नाही. साडेतीन फुटांवर पाणी म्हणजे खालचे सगळे सॉकेट बुडाले, आणि भिंतीतल्या पाइपांत पाणी अजून असेल. मेन बंद ठेवा. उपकरणं काढून, फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र) मोजा, प्रत्येक सर्किट वेगळं. १ मेगाओमच्या खाली असेल तर चालू करायचं नाही. पाइप फुंकून, काही दिवस सुकवून पुन्हा मोजा. तरी सुधारलं नाही तर वायर ओढून नव्या, दिव्यांना १.५, सॉकेटला २.५, गीझरला ४ चौरस मिमी. बुडालेले सॉकेट, स्विच, एमसीबी (आपोआप पडणारे सर्किटचे स्विच) वाळवून वापरू नका, आत गाळ बसतो. ३० मिलीअँपची आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आत्ताच बसवा, ती मात्र स्वखर्चाने. परवानाधारक वायरमनकडून मेगरचे आकडे लेटरहेडवर घ्या, वायरिंगच्या दाव्याला तोच आधार. फ्रिज-मशीनसाठीही सेवा केंद्राचं "दुरुस्ती परवडणारी नाही" असं लेखी पत्र. इन्व्हर्टरची बॅटरी चार्जिंगला लावून बघायचा मोह आवरा.

विठ्ठलवाडीकर

आभार. कंपनीला कळवलं, क्लेम नंबर आला. शेड्यूलमध्ये सामान ६ लाख लिहिलेलं सापडलं, चौथ्या पानावर. कॉन्ट्रॅक्टर रकान्यांत कोटेशन द्यायला तयार आहे, पण म्हणतो पक्कं बिल हवं तर १८% जीएसटी वर, आणि "हवं तर थोडं फुगवून देतो, तुमचा हप्ता निघेल".

दावेदफ्तर

फुगवलेलं बिल हातात धरू नका. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर वाढवलेला भागच नव्हे, अख्खा दावा जातो.

१८% जीएसटी बरोबर आहे, पण तो नोंदणी असलेल्यालाच लावता येतो. नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघा. कर भरल्याचं कर-बिल असेल तरच कंपनी तो धरते. पैसे बँकेतून द्या, रोखीला पावती घ्या.

सर्व्हेअर आला की तुमच्याबरोबर खोलीतून फिरवा आणि त्याने काय मोजलं ते त्याच दिवशी ईमेलने त्याला परत लिहून पाठवा. अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. रक्कम कमी वाटली तर "पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या व्हाउचरवर नुसती सही करू नका. "हरकत राखून" असं लिहून पैसे घ्या. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे, समांतर विमा नियामकाच्या विमा भरोसा या तक्रार पोर्टलवर. एक महिना थांबून समाधान नाही झालं तर विमा लोकपाल. पुण्यातच, नारायण पेठेत कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जा. त्याच वादासाठी ग्राहक आयोगात आधी गेलात तर मात्र लोकपाल घेत नाही.

सोसायटी_चिटणीस

विठ्ठलवाडीकर, लिफ्टचा खड्डा, पंप, मीटर खोली, जमिनीखालची टाकी हे तुमच्या दाव्यात घालू नका. ते सोसायटीच्या पॉलिसीत, वेगळ्या सर्व्हेअरकडे. दोन्हीकडे एकच बाब दिसली की दोन्ही अडकतात. टाकी रिकामी करून घासून ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय तिचं पाणी गिलाव्यालाही वापरू नका, गाळाचं पाणी मालात जातं. आणि तळमजल्याच्या ड्रेनेज चेंबरवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं आत येऊ न देणारी झडप) आहे का ते गिलावा सुकतोय तोवर बघून घ्या, फरशी बसल्यावर ते काम दुप्पट होतं.