मेक्सिकोत आपला राजदूत कशाला? सातवीतल्या मुलाला काय सांगू?

शहाद्याच्या बाई:
शहादा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. काल नकाशावर मेक्सिको दाखवत होते, तर एका मुलानं विचारलं, "बाई, तिथं आपलं कोण राहतं? मग आपला राजदूत तिथं कशाला?" "दोन देशांचे संबंध चांगले राहावेत म्हणून," असं सांगितलं खरं, पण त्याला ते पटलं नाही. घरी त्यांची पपई आहे. त्याच्या गळी उतरेल असं काही सांगाल का?

अमळनेरचे आबा:
बाई, पपईपासूनच सुरुवात करा. पपई, मका, नंदुरबारच्या पथारीवर वाळणारी लाल मिरची, सगळ्यांचं मूळ तिकडचं. पण ती पिकं आली तेव्हा राजदूत वगैरे काही नव्हतं. गव्हाचं तसं नाही. 1966 साली भारतानं मेक्सिकोतून 18,000 टन बियाणं आणलं. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध 1950 पासूनचे. ज्या घरी जाणं-येणं आहे तिथंच माणूस अडीनडीला बियाणं मागतो, असं मला वाटतं.

आमच्या वडिलांनी लर्मा रोहो हा मेक्सिकोचा गहू पेरला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. बुटका गहू. वाऱ्यात लोळला नाही, ओंब्या भरगच्च. पण दाणा लाल! अक्षय्यतृतीयेला, आमच्या आखाजीला, मायनं त्याचे मांडे करायला घेतले. हातावर वाढवता वाढवता मांडा फाटायचा, खापरापर्यंत पोचायचाच नाही. "हाऊ लाल गहू कसाले आना?" म्हणून ती दिवसभर बोलत होती. वडील काही बोलले नाहीत. कोठी भरली होती.

आणि मुलांना पांडुरंग खानखोजे जरूर सांगा. वर्ध्याचे, गदर पक्षातले क्रांतिकारक. इंग्रजांमुळे मायदेशी परतता येईना, तेव्हा मेक्सिकोत राहिले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं. आपली वकिलात तिथं उघडण्याच्या कितीतरी आधी हा मराठी माणूस तिथं होता. मला तर तोच आपला पहिला राजदूत वाटतो.

दर्यावर्दीची बायको, भुसावळ:
"तिथं आपलं कोण राहतं" याचं उत्तर माझ्याकडे आहे. माझे मिस्टर जहाजावर असतात. व्हेराक्रूझ बंदरात त्यांची बॅग गेली, पासपोर्टसकट. एजंट दोन दिवस फोन उचलेना. शेवटी मेक्सिको सिटीतल्या आपल्या वकिलातीनं ओळख पटवून आपत्कालीन प्रमाणपत्र दिलं. त्यावर एकदाच, फक्त भारतात परत येता येतं. तो कागद मी अजून देव्हाऱ्याच्या कप्प्यात ठेवलाय. बाई, मुलांना हेही सांगा की परदेशात आपल्या माणसाला अटक झाली, तर वकिलातीला कळवा म्हणण्याचा त्याला हक्क असतो. 1963 च्या व्हिएन्ना करारात तसं कलमच आहे.

शहाद्याच्या बाई:
ताई, वाचताना डोळे भरून आले. राजदूताला तिकडे पाठवतं कोण, हेही मुलं विचारतील.

अमळनेरचे आबा:
नेमतं सरकार. आधी त्या देशाला गुपचूप विचारतात, हा माणूस चालेल का. होकार आला की आपल्या राष्ट्रपतींच्या सहीचं पत्र घेऊन तो जातो आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती देतो. बोदवडजवळच्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई राष्ट्रपती होत्या, तेव्हा अशा पत्रांवर त्यांची सही असायची. एप्रिल 2008 मध्ये त्या स्वतः मेक्सिकोला जाऊनही आल्या.

पण राजदूत स्वतःच्या नावानं बोलत नाही, सरकारच्या नावानं बोलतो. मेक्सिकोचे कवी ऑक्टाव्हियो पाझ 1962 पासून दिल्लीत राजदूत होते. लग्नही त्यांनी तिथंच कडुनिंबाखाली केलं. 1968 मध्ये त्यांच्या सरकारनं विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्या सरकारच्या नावानं बोलणं त्यांना जमेना. पद सोडलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

शहाद्याच्या बाई:
आज सगळं सांगितलं. मांड्याला मुलं खूप हसली, पाझांच्या वेळी वर्ग गप्प झाला. मग त्याच मुलानं नकाशावर मेक्सिकोच्या खालच्या चिमुकल्या बेलीझवर बोट ठेवलं. "इथं कोण?"

अमळनेरचे आबा:
मेक्सिकोतलाच. पण बेलीझ राष्ट्रकुलातला देश, म्हणून तिथं त्याला राजदूत नाही, उच्चायुक्त म्हणतात.