महेश्वरला सहकुटुंब जायचंय, मुक्काम तिथेच करावा की इंदूरला?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, जानेवारीत २६ च्या सुट्टीला जोडून नर्मदाकाठचं महेश्वर करायचा विचार चाललाय. नाशिकहून आमचीच गाडी, आम्ही दोघं, सासूबाई (गुडघे दुखतात पण देवदर्शन म्हटलं की सगळ्यांच्या पुढे) आणि दोन मुलं, एक सहावीतला आणि एक पहिलीतली. नवऱ्याचं म्हणणं इंदूरला हॉटेल घेऊ आणि तिथून महेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन, मांडव सगळं एकेक दिवसात उरकू. मला ते धावपळीचं वाटतंय. मुलं बोअर होतील का नुसत्या घाटावर? आणि साड्या कुठे घ्यायच्या तेही सांगा, हा मुद्दा नवऱ्याने वाचला नाही तरी चालेल 😄

सराफ्यातला_मराठी:
ताई मी इंदूरला राहतो म्हणून सांगतो, इंदूरला मुक्काम टाकू नका. तुम्ही येणार आग्रा रोडने, धुळे, शिरपूर, सेंधवा करत, म्हणजे धामनोदला आलात की महेश्वर तिथून जेमतेम १३-१४ किमी आत आहे. ते सोडून पुढे ७५-८० किमी इंदूरला यायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच रस्ता उलटा जायचं, कशाला? नाशिकपासून साधारण साडेतीनशे किमी धरा, पहाटे निघा, सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात ट्रकांची रांग लागली तर वेळेचा काही भरवसा नसतो. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, खायला यायचंच असेल तर एक रात्र शेवटी ठेवा. उज्जैन या ट्रिपमधून काढूनच टाका, महाकालला सुट्टीच्या दिवसांत जी गर्दी असते त्यात सासूबाईंचे हाल होतील.

भटकभवानी:
+१, महेश्वरला राहाच. घाट खरा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर बघायचा असतो, दुपारी येऊन दुपारी जाणाऱ्यांना तो दिसतच नाही. वर किल्ल्यात अहिल्याबाईंचा राजवाडा आहे, राजवाडा म्हणजे आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखाच, लाकडी खांब आणि चौक, त्यांची गादी बघून मुलगा विचारेल की राणी इथे बसायची? एवढ्या साध्या जागेत? तेव्हा सांगा त्याला, चौंडीची मुलगी, १७६७ पासून जवळजवळ अठ्ठावीस वर्षं होळकरांचा कारभार बघितला, काशी विश्वनाथाचं देऊळ बांधलं, सोमनाथला बांधलं, आणि स्वतः राहिली इथे. सकाळी तिथेच मातीची छोटी छोटी शिवलिंगं करून पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडतात, ही प्रथा त्यांच्या काळापासूनची सांगतात. सासूबाईंसाठी हे चुकवू नका.

पायऱ्यांचं मात्र आधी ठरवा. किल्ल्यातून घाटावर उतरायला बऱ्याच दगडी पायऱ्या आहेत आणि गुडघेवाल्यांना चढण्यापेक्षा उतरणंच जास्त जड जातं. राजवाडा एका वेळी आणि घाट दुसऱ्या वेळी असं करा, रिक्षा मिळतात.

गोदाकाठची:
वा, हे पटलं. बोटीचं काय? छोटीला पाण्याची भीती नाही, तीच माझी काळजी आहे.

सराफ्यातला_मराठी:
बोटीने नदीच्या मधल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन या, संध्याकाळी मस्त वाटतं आणि पाण्यातून अख्खा किल्ला दिसतो. लाइफ जॅकेट मागून घ्या, लहान मापाचं नसेल तर बोट सोडून द्या, दुसरी येते. शेवटच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं की पातळी वाढते, पोरांना तिथे हात सोडून उभं करू नका. सहस्रधारेला, म्हणजे नर्मदा खडकांतून अनेक धारांनी वाहते तिथे, पाणी कमी असतानाच मजा, आधी घाटावर कुणाला तरी विचारा.

रेशीमगाठ:
साड्यांचं मी सांगते 🙋 दुकानात शिरायच्या आधी हातमाग बघून घ्या, किल्ल्याजवळ रेहवा सोसायटी या विणकरांच्या संस्थेचं काम चालतं, होळकर घराण्यातल्या लोकांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलं, आणि गावात घरोघरीही माग आहेत. महेश्वरीची ओळख म्हणजे काठ, पारंपरिक साडीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, आणि नक्षीत घाटाच्या लाटा, किल्ल्यावरची जाळी असं काय काय उतरलेलं असतं. सुती ताणा-बाणा की रेशीम-सुती ते स्पष्ट विचारा, किमतीत बराच फरक पडतो. फारच स्वस्त मिळाली तर ती पॉवरलूमची असणार, नेसायला वाईट नाही पण हातमाग म्हणून घेऊ नका.

पेशवाईवेडा:
कुणीच रावेरखेडीचं नाव घेतलं नाही?? थोरल्या बाजीरावांची समाधी आहे नर्मदेकाठी, २८ एप्रिल १७४० ला तिथेच गेले. सनावदच्या बाजूला आहे, ओंकारेश्वर करणार असाल तर त्याच दिवशी थोडी वाकडी वाट करून होतं.

भटकभवानी:
होतं पण ओंकारेश्वर, रावेरखेडी आणि परत महेश्वर एका दिवसात म्हणजे मुलं गाडीतच मोठी होतील 😅 मला विचाराल तर ओंकारेश्वर किंवा मांडव, एकच निवडा. सासूबाईंचं मन राखायचं तर ओंकारेश्वर, मुलांना दमवायचं तर मांडव, जहाज महालात पळायला भरपूर जागा आहे आणि हवा स्वच्छ असली तर रूपमती मंडपातून लांब नर्मदेची रेघ दिसते.

गोदाकाठची:
ओंकारेश्वरच होणार, घरातलं मतदान आत्ताच झालं, सासूबाईंचं एक मत तीन धरतात. हॉटेल आज बुक करते, २६ ला जोडून आहे म्हणजे आधीच उशीर झाला असणार.

सराफ्यातला_मराठी:
झालाच आहे 😀 नदीकडची खोली मिळत नसेल तर हट्ट धरू नका, गावात घ्या, घाट चालत आहे. आणि गरम कपडे घ्या, निमाडात (म्हणजे या महेश्वरच्या भागात) थंडी नसते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, जानेवारीत पहाटे बोचते.