दारू पिऊन गाडी चालवली, दहा हजार भरले, झालं?

वर्धारोडकर: आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मागच्या महिन्यात नाकाबंदीत सापडले. मशीनमध्ये फुंकायला लावलं, कोर्टाची तारीख पडली, तिथे गुन्हा कबूल करून दहा हजार भरले. आता पार्किंगमध्ये हसतहसत सांगतात, ‘एका पार्टीचाच खर्च पडला.’ मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते, पण ती बहुतेक कागदावरच. माझं म्हणणं असं, की पैशाने या लोकांना काही फरक पडत नाही. लायसन्स काढून घ्या, आणि तेही नाक्यावरच.

कोर्टकचेरी: वकिली करतो म्हणून सांगतो. हा गुन्हा चौकात तडजोड शुल्क भरून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. आणि १८५ खाली दोषी ठरल्यावर किमान ६ महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवणं कलम २० नुसार कोर्टावर बंधनकारक आहे. तुमच्या गृहस्थांच्या निकालपत्रात तो आदेश आहे का, विचारून पहा. असूनही ते गाडी काढत असतील तर तो वेगळा गुन्हा: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही.

हिंगण्याचा टेम्पोवाला: भाऊ, तुमच्या त्या गृहस्थाचं लायसन्स गेलं तर तो ड्रायव्हर ठेवीन. माह्यं गेलं तर? मीच तर तो ड्रायव्हर ना! सहा महिने घरी बसून हप्ता कोण भरन? अन् नाक्यावरच घ्या म्हणता, मंग कोर्ट कायले पाहिजे? सकाळी एमआयडीसीत माल भराले निघतो, रात्रीची पुरी उतरली का नाही, हे मले तरी काय समजते.

वर्धारोडकर: समजत नसेल तर सकाळी स्टिअरिंगला हात लावू नये, दादा. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती टेम्पोलाही तीच, मर्सिडीजलाही तीच.

सदरची मावशी: मर्सिडीजवरून आठवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या नागपुरात रामझुला पुलावर मर्सिडीजच्या धडकेत दोन तरुण मुलं गेली. सुरुवातीला जामिनाचं कलम लावलं, सदोष मनुष्यवधाचं नंतर आलं. त्या पोरांच्या आईबापांपुढे ‘हप्ता कोण भरन’ म्हणून दाखवा. (टेम्पोवाल्या भाऊ, राग मानू नका, पण माझा मुलगा रोज त्याच पुलावरून येतो.)

हिंगण्याचा टेम्पोवाला: राग नाही ना मावशी. पण ती गाडी माही नव्हती. मोठ्याच्या गाडीचा राग लहान्यावर निघते, हेच तर सांगून राहिलो.

कोर्टकचेरी: नाक्यावर लायसन्स जप्त करायची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आलीच आहे, कलम २०६ मध्ये. पोलीस पावती देतात, पण त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. पुढे आरटीओने कलम १९ खाली तुमचं म्हणणं ऐकायचं, कारणं लेखी द्यायची. ३० दिवसांत अपीलही आहे. टेम्पोवाल्यांचा मुद्दा मला इथे पटतो. सुनावणी रखडली तर दोष ठरायच्या आधीच शिक्षा भोगून होते. पण उपाय लायसन्स ड्रायव्हरच्या हातात राहू देणं नव्हे, सुनावणी आठवड्यात उरकणं हा आहे.

वर्धारोडकर: आठवड्यात? आरटीओत? कोणत्या गावचे तुम्ही!

कोर्टकचेरी: सिव्हिल लाइन्सचा, म्हणून तर मागतोय. आणि टेम्पोवाले भाऊ, अटक झालीच तर २ तासांत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. फुंकायला मात्र नकार देऊ नका, तो नकार कोर्टात तुमच्याच विरुद्ध जातो.